उलटं लावलेलं तिकीट

मोतीरामकाका हेडाऊ आरएमएसमध्ये सॉर्टर होते,
नागपूर स्टेशनाच्या पिवळ्या उजेडात तेहतीस वर्षं.
बोटांना गावं पाठ: काटोल, नरखेड, पांढुर्णा, आमला.
डोळे मिटून फेकलं तरी पत्र आपल्या खणात पडे.

त्यांच्या अल्बमात एकच तिकीट उलटं लावलेलं.
सूर्य कागदाकडे, पाठ आपल्याकडे.
प्रदर्शनात गुण कापले गेले.
काका म्हणाले, "कापू दे ना बाप्पा.
त्याईले सूर्य पाहाचा आहे, मले गाव पाहाचं आहे."

गोष्ट अशी, की लाटवियानं अठरा साली
आपण स्वतंत्र झालो असं जाहीर केलं
तेव्हा तिकिटं छापायला कागदच नव्हता.
जर्मन फौजेचे नकाशे मात्र पडून होते गठ्ठ्यांनी.
मग त्यांच्या पाठीवर तिकिटं छापली
आणि रणांगण कापून
पाच-पाच कोपेकला खिडकीतून विकलं.

काकांच्या वाट्याला नखाएवढं रान आलं:
ओढ्याचं एक वळण, एक पूल,
पुलाशी काळा चौकोन, पाणचक्की असावी,
आणि गावाच्या नावाची शेवटची तीन अक्षरं.
आरंभ दुसऱ्या कुणाच्या पाकिटावर गेला.

भिंग धरून काका तिथली लढाई सांगत.
"पुस्तकात नाही सापडली. म्हून का झालीच नाही?"
एकोणीस जण. मांडीभर बर्फ.
सहा तर वर्गातून उठून आलेले,
एकाच्या बुटात वर्तमानपत्राच्या घड्या.
मशीनगन एकच, तीही
आतलं पाणी गोठून मुकी.
दुपारभर पूल धरला, संध्याकाळी सोडला,
रात्री परत घेतला, कारण पलीकडचे
चक्कीत ऊब शोधत झोपले होते.

"बस, एवढीच?"
"एवढीच. बर्डीची तरी केवढी होती?
एक रात्र अन् अर्धा दिवस.
फेडत बसलो एकशे तीस वर्षं."

पंधरा ऑगस्टला सीताबर्डीचा किल्ला उघडतो.
रांगेत घामेजून आम्ही वर जायचो.
लोक तोफेपाशी फोटो काढत,
काका धाकट्या टेकडीकडे तोंड करून उभे.
खाली रूळ, सिग्नलला थांबलेल्या ऑटो, फुगेवाला.
"इथं कोण कोण होतं रे?
आपण कोणत्या नकाशाच्या पाठीवर काय छापलं?"
मला तेव्हा फुगा हवा असायचा.

सत्तर साली त्यांनी त्या गावाला पत्र टाकलं.
पत्ता: तीन अक्षरं, पुलाजवळ, लाटविया.
सात महिन्यांनी ते परत आलं, जांभळे शिक्के घेऊन.
शेजारच्या टेबलावरचे धकाते हसले,
"हेडाऊ, तो देशच नाही राह्यला. कोणत्या खणात टाकू?"
काकांनी रॅकच्या तळातल्या रिकाम्या खणावर
खडूनं देशाचं नाव लिहिलं, पत्र आत ठेवलं.
रंगरंगोटीत ते नाव तीनदा पुसलं गेलं.
तीनदा पुन्हा लिहिलं. साहेब बदलत गेले,
कुणी विचारलं तर म्हणत, "पेंडिंग आहे."

एक्याण्णवचा ऑगस्ट. निवृत्तीला नऊ दिवस.
रेडिओवर बातम्यांत तो देश आला.
काकांनी पत्र काढलं, फुंकर मारली,
नव्या दराची तिकिटं लावली (सुलटी)
आणि मुंबईच्या थैलीत स्वतःच्या हातानं टाकलं.

ते परत आलं नाही. उत्तरही नाही.
"सॉर्टरले हेच उत्तर," काका म्हणायचे,
"परत नाही आलं म्हंजे पोचलं."

आता अल्बम माझ्याकडे आहे.
परवा चिमट्यानं उचलून सूर्य पाहिला पहिल्यांदाच.
फिकट लाल. तीन कणसं.
मग होतं तसं उलटं ठेवलं, भिंग लावलं.
पुलावर पेन्सिलीची टिंबं आहेत, सुईच्या टोकाएवढी.
दोनदा मोजली.
सतरा.
दोघांचं काय झालं
ते काकांनी कधी सांगितलं नव्हतं.